तुमचं ठीक आहे हो

गेल्या डिसेंबरात एका दुपारी आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचे कागद घेऊन घरी आले. तेव्हा ओट्यावर दोन मुली बसल्या होत्या. एक माझी पुतणी, वय ९, शेजारी माझा जुना लॅपटॉप उघडा. दुसरी समोरच्या वावरात ऊस तोडायला आलेल्या टोळीतली, साधारण तेवढीच, मांडीवर धाकटा भाऊ. दोघी मिळून काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन बनवत होत्या.

गुरुजींनी आधी टोळीतल्या मुलीला विचारलं. नाव काय, गाव कुठलं, तिकडं शाळेत नाव आहे का. नाव होतं, तिसरीत. मग इथं का येत नाहीस म्हटल्यावर तिने मांडीवरच्या भावाकडे पाहिलं. गुरुजींनी लिहून घेतलं. म्हणाले, "संध्याकाळी कोपीवर येतो, आईला सांगून ठेव. शाळेत यायचं म्हणजे यायचं."

मग त्यांनी आमच्या मुलीकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "हिला जूनपासून आम्ही घरीच शिकवतोय, सर." गुरुजींचं पेन थांबलं. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घालत हसून म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो."

त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. सहा ते चौदा वयाचं जे मूल शाळेत दाखल नाही, किंवा दाखल असून महिनाभर सलग गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. सर्वेक्षणाची व्याख्या साधारण अशी आहे आणि तिच्यात लॅपटॉपचा उल्लेख नाही. ओट्यावर बसलेल्या दोन्ही मुली तिच्यात सारख्याच बसत होत्या. त्यातल्या एकीला कायदा लागू झाला आणि दुसरीला सूट मिळाली. ही सूट कशाच्या जोरावर मिळाली? आणि ती आपण घ्यावी का?

मुलांना घरी शिकवणं बरोबर की चूक, यावर हल्ली रील्सपासून पॉडकास्टपर्यंत सगळीकडे बोललं जातं. त्यात एक बाजू शाळेला तुरुंग म्हणते आणि दुसरी बाजू होमस्कूलिंगला श्रीमंतांचं खूळ म्हणते. मला या दोन्हीपैकी काहीच म्हणता येत नाही, कारण हा प्रयोग आमच्या घरात झाला आणि त्याची सामग्री जमवणारा मीच होतो.

सुरुवात मागच्या उन्हाळ्यातली. आमची वस्ती नारायणगावपासून खोडदच्या बाजूला आहे. कुकडीच्या कालव्याचं पाणी, त्यावर टोमॅटो, कांदा आणि ऊस. पुतणी तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायची. सकाळी पावणेसातला गाडी. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो, आणि आमच्याकडे अंधार आणि ऊस एकत्र आले की बिबट्या आठवतोच. ऊसतोडीत बिबट्याची बछडी सापडली, ही जुन्नर-आंबेगावात दर हंगामाची बातमी आहे. दादा रोज काठी आणि बॅटरी घेऊन तिला रस्त्यापर्यंत सोडायचा.

पण शाळा सोडण्याचं कारण बिबट्या नव्हता. पहिलीत असताना दिवसभर प्रश्न विचारून डोकं उठवणारी पोरगी तिसरीच्या शेवटी फक्त "टीचरनी सांगितलंय तसंच लिहायचं" एवढं म्हणायला लागली. दादाने पालकसभेत विषय काढला, तर मुलगी किती शांत आणि शिस्तीची आहे, हे कौतुक ऐकून परत आला. त्या रात्री त्याचा मला फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस. घरी शिकवायचं तर काय काय लागतं, त्याची यादी काढ."

यादी दोन रात्रींत झाली. मराठीत काहीच मिळत नाही असं मी धरून चाललो होतो, तो माझा गैरसमज निघाला. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अॅपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं, त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं 'हलकं-फुलकं विज्ञान' प्राथमिकच्या मुलांसाठी आहे आणि त्यात मुलाला आधी बघायला, मोजायला, करायला लावतात, व्याख्या नंतर येते. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं आहेत. काड्या-व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ तिथलाच. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, संदर्भासाठी मराठी विश्वकोश. पालकांनी स्वतः वाचायला पुण्याहून १९८७ पासून निघणारं 'पालकनीती' आणि 'तोत्तोचान'चं मराठी भाषांतर.

प्रमाणपत्राचीही सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे तीन टप्पे घेते आणि पुढे दहावी-बारावीची परीक्षाही. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. शाळेत न जाता दहावी होता येतं का, या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे.

हे सगळं मी एका शीटमध्ये भरलं. विषय, साधन, लिंक, वय, आठवड्याचे तास. ऑफिसात प्रोजेक्ट प्लॅन करतो तसंच. मग त्यात आमच्या परिसराचा एक रकाना वाढवला, आणि खरं सांगायचं तर पुढच्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त तोच कामाला आला.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, ते त्यात आकड्यांत कोरलंय. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. तिथे दहाला वेगळी खूण आहे, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडलेली. शून्य नाही. पुतणीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग ह्यांना वजाबाकीत हातचा कसा घेता येत असेल?" वर्षभराने तिच्या तोंडून असा प्रश्न आला होता. दादाने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात त्याचा निर्णय बरोबर ठरल्याचा आनंद होता.

कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून आल्याचं मानतात, पण त्याच्या कुठल्या स्फोटातली, यावर संशोधकांचे मतभेद आहेत. मोठी माणसंही भांडतात आणि त्याला अभ्यास म्हणतात, हे तिला फार आवडलं. खोडदची दुर्बीण तर आमच्या शेतातून दिसते. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या, दूरदूर पसरलेल्या. "जाळीतून पाऊस गळतो, मग आकाशातल्या लहरी का गळत नाहीत?" या प्रश्नावर आम्ही चाळण, गहू आणि रवा घेऊन एक अख्खी दुपार घालवली. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकापेक्षा पुष्कळ मोठी असते, त्यामुळे त्यांना जाळीसुद्धा पत्र्यासारखीच. टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटवर गुणाकार झाले, बाजारभावाच्या पावत्यांवर सरासरी झाली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की प्रयोग यशस्वी झाला. मलाही वाटत होतं. सप्टेंबरात एका शनिवारी मी शीट उघडून वहिनींना पुढच्या तिमाहीचा प्लॅन दाखवत होतो. त्या कांदे निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एवढं सगळं लिहिलंय, पण हे करणार कोण, ते कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. शनिवार-रविवारी नाणेघाटाला नेणारा मी. रात्री जेवताना प्रश्न ऐकून खूश होणारा दादा. सोमवार ते शुक्रवार, गोठा, स्वयंपाक आणि शेतातली मजुरांची भाकरी सांभाळून रोज चार तास तिच्याजवळ बसणाऱ्या वहिनी. त्या बारावी झालेल्या आहेत आणि पुढे डीएड करायचं होतं, ते लग्नात राहून गेलं. होमस्कूलिंग या शब्दातलं होम म्हणजे त्या होत्या, आणि त्यांना विचारायचं आम्हा दोघा भावांना सुचलंही नव्हतं. आम्ही त्यांना सांगितलं होतं, तेही निर्णय झाल्यावर.

घरी शिकवण्याच्या यशोगाथा पुन्हा वाचून बघा, हा माणूस बहुतेक ठिकाणी सापडेल. महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मालविका जोशीचं. मुंबईची ही मुलगी सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. तिने आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली, आणि दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ साली तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र बंदच होतं. माझ्या पिढीच्या प्रोग्रामरांमध्ये ही बातमी दंतकथेसारखी फिरली. त्या बातमीतलं एक वाक्य मी तेव्हा वाचूनही वाचलं नव्हतं. मुलीला शिकवायला आईने नोकरी सोडली होती. त्यांनी ते स्वतः ठरवून केलं, म्हणून ते मोठं आहे. आमच्या घरात ते ठरवलं भलत्यानेच.

त्यामुळे साधनांबद्दल कुणी विचारलं की मी आता हे आधी सांगतो. साधनं मुबलक आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. महाग आहे ते एका जाणत्या माणसाचं रोजचं चार तास रिकामं असणं. ते ज्या घरात नाही, त्या घराला लिंक पाठवून काही उपयोग नाही. कोपीवरच्या आईबापाकडे एक स्मार्टफोन होता. दीक्षा अॅप त्यातही चाललं असतं. पण ते दोघं मिळून एक कोयता होते. मुकादमाची उचल फेडायची होती आणि पहाटे चारला फडात जायचं होतं.

इथे कायद्याकडे बघायला हवं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकाला कायद्यात शिक्षा नाही, आणि होमस्कूलिंग हा शब्दही त्यात नाही. या मोकळ्या जागेत आमच्यासारखी घरं उभी आहेत. सक्ती हा शब्द माझ्या वयाच्या वाचकाला खटकतो, मलाही खटकायचा. सरकारने मला का सांगावं, मूल माझं आहे.

पण हा शब्द इथे आणला कुणी, ते बघा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड बापाला होता, कारण मुलाच्या वाटेत उभा असलेला माणूस बऱ्याचदा बापच असायचा. आपलं मूल काय शिकणार, हे जातीने आणि घराने ठरवायची रीत होती. सुताराचं पोर घरी सुतारकाम शिकायचं, पोरगी घरी चूल शिकायची. त्या अर्थाने शेकडो वर्षं सगळ्या देशाचं होमस्कूलिंगच चाललेलं होतं. ते मोडायला सक्ती आणावी लागली.

याला एक मोठा अपवाद सांगता येईल, पंडिता रमाबाईंचा. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकवलेल्या त्यांच्या आईने घरी संस्कृत शिकवलं. स्त्रीला संस्कृत शिकवतो म्हणून लोकांचा रोष ओढवून घेऊन ते कुटुंब गंगामूळच्या जंगलात राहायला गेलं होतं. वीस वर्षांच्या रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. घरी शिकून एवढी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला तरी माहीत नाही.

पण याच घराने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला मोतद झालं. आईवडील गेले, बहीण गेली. आपल्याला धर्मग्रंथांपलीकडचं काही शिकवलेलंच नव्हतं आणि त्यामुळे पोट भरण्याजोगं कोणतंही काम येत नव्हतं, असं रमाबाईंनी पुढे आत्मकथनात लिहिलं आहे. वडील काळाच्या पुढे होते, प्रेमळ होते, धाडसी होते. तरीही मुलांना दिसलेलं जग वडिलांना दिसत होतं तेवढंच होतं. रमाबाईंनी स्वतः जेव्हा मुलींसाठी संस्था काढल्या, आधी मुंबईत शारदा सदन आणि मग आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन, तेव्हा तिथे विणकाम होतं, छापखाना होता, हाताला काम देणाऱ्या विद्या होत्या.

मला होमस्कूलिंगमधला खरा नैतिक पेच इथे दिसतो. वाईट आईबापांच्या हातात मूल सुरक्षित नसतं, हे सगळ्यांना कळतं. पण चांगल्या आईबापांच्या हातातसुद्धा मुलाला एकच मत मिळतं. शाळा कितीही सामान्य असो, तिथे घराबाहेरचा एक मोठा माणूस असतो. तो आपल्या मुलाकडे आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघतो आणि कधी आपल्याविरुद्ध तिची बाजू घेऊ शकतो. शिवाय तिथे अशी मुलं असतात, ज्यांना आपण घरी बोलावलं नसतं.

याविरुद्ध मला स्वतःचाच अनुभव सांगता येईल. मी सोळा वर्षं वर्गात बसलो. त्यातली चार इंजिनिअरिंगची. प्रश्न न विचारता पुढच्या वर्षात कसं जायचं, ते मी उत्तम शिकलो. व्हायवाला काय विचारतात याच्या झेरॉक्स काढून पास झालेल्या माणसाने पुतणीला शाळेचं महत्त्व सांगू नये. ज्या वर्गात मार मिळतो, जात विचारली जाते किंवा मूल रोज पोटात दुखतं म्हणून रडतं, तिथून मुलाला काढणाऱ्या आईला मी शाहू महाराजांचं नाव सांगणार नाही. अशा वेळी घर हीच मुलाची सुटका असते. दादाने तिला त्या शाळेतून काढलं, यात मला अजूनही चूक दिसत नाही. चूक पुढची होती. एक शाळा वाईट निघाली म्हणून आम्ही शाळाच वगळली, आणि चालत दहा मिनिटांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव माझ्या शीटमध्ये साधनांच्या रकान्यातही घेतलं नाही. विश्वकोशापासून टोबाच्या राखेपर्यंत सगळं होतं, ती शाळा नव्हती.

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझ्या एका मित्राचं गाव आहे. त्याचे वडील शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत आणि दर जूनला वाडीवस्तीवर फिरून मुलं मोजतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पण पट घसरला की शाळेवर संकट येतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळायचा निर्णय सरकारने घेतला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायची कल्पना पुढे आली. पावसाळ्यात ओढे भरलेले असताना सहा वर्षांच्या मुलाला जवळची शाळा म्हणजे किती जवळची, हे भीमाशंकरच्या बाजूला राहणाऱ्याला विचारावं. मी मित्राला आमच्या प्रयोगाबद्दल उत्साहाने सांगत होतो. तो म्हणाला, "छान आहे. पण आमच्या गावात अशी तीन पोरं घरी बसली ना, तर बाकीच्यांची शाळा जाईल."

मुलाला दुसऱ्यांच्या शाळेचा पट भरायला वापरायचं का? नाही. पोटचं मूल हे समाजकार्याचं साधन नव्हे. पण ज्यांच्याजवळ वेळ, भाषा आणि ओळखी आहेत ती घरं आधी सरकारी शाळेतून गेली, आता काही शाळेतूनच निघाली आहेत. त्यांच्याबरोबर शाळेला जाब विचारणारे आईबापही निघून जातात. मागे राहतं ते कोपीवरचं मूल आणि एकटे गुरुजी. हा आपल्या एकट्याचा दोष नाही, पण आपला वाटा त्यात आहे, एवढं मान्य करायला हरकत नाही.

१९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला, विस्कॉन्सिन विरुद्ध योडर. आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलं शाळेत पाठवायची नव्हती. न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं. आपण पालकांचा हक्क आणि सरकारचा हक्क तोलतो आहोत, पण मुलाला काय हवं ते विचारलं का, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली मे महिन्यातली रात्र आठवली. दादा, मी, फोन, शीट. वहिनींना विचारलं नव्हतंच. पुतणीलाही नव्हतं.

गुरुजी त्या संध्याकाळी खरोखर कोपीवर गेले. मुलीची आई म्हणाली, लहान्याला कोण बघणार. गुरुजींनी शाळेशेजारच्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलून ते मार्गी लावलं. मुलीकडे गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी पत्रक होतं, त्यामुळे दाखल करण्याची अडचण नव्हती. अडचण वाटेची होती. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि तिला एकटीला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ही चर्चा चालू असताना आमची पोरगी म्हणाली, "मी जाते की तिच्यासोबत."

आठवडाभर ती नुसतीच सोबत म्हणून जाऊन बसली. गुरुजींनी बसू दिलं. मग एका संध्याकाळी वहिनींनी आम्हा दोघा भावांना बाहेर बसवलं आणि आत तिला एकटीला विचारलं, तुला काय हवंय. उत्तर कुठल्याच बाजूच्या कामाचं नव्हतं. शाळेत जायचंय. पण काड्यांचे खेळ घरीच. खिचडी शाळेतली. रविवारी कुठेतरी डोंगरावर. आणि गणित काकाने शिकवायचं नाही, आईने शिकवायचं, कारण काका लगेच उत्तर सांगतो.

कायद्याप्रमाणे वर्षात कधीही प्रवेश देता येतो. जानेवारीत तिचं नाव पटावर चढलं. गुरुजींच्या वर्गात दोन इयत्ता एकत्र बसतात. त्यांना सर्वेक्षणं, अहवाल आणि अॅपवर फोटो टाकण्यातून वेळ उरत नाही, आणि सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. वहिनी आता आठवड्यातून दोन दुपारी तिथे गोष्टी वाचून दाखवायला जातात. शीटमधली अर्धी साधनं त्या वर्गात वापरात आहेत. खूप पूर्वी डहाणूकडे, आधी बोर्डी आणि मग कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. मूल शाळेत येऊ शकत नाही तर शाळा त्याच्या अंगणात, त्याच्या कुरणात न्यायची. घर की शाळा, हे भांडण त्यांनी तिथेच निकालात काढलं होतं आणि मी मात्र ते नव्याने यूट्यूबवर ऐकत होतो.

कुणी घरी शिकवायचं ठरवलं तर मी आजही पूर्ण शीट पाठवतो. फक्त वर तीन ओळी जोडल्या आहेत. रोज कोण बसणार, आणि त्या माणसाला विचारलंत का? घराबाहेरचा कोणता मोठा माणूस या मुलाला नियमित भेटतो, तुम्ही नसताना? मुलाला विचारलंत का, आणि पुन्हा कधी विचारणार? या तिन्हींची उत्तरं देता आली तर पुढच्या लिंक उघडा. तुमचं ठीक असेल.

मार्चमध्ये ऊस संपला. एका पहाटे टोळीचा ट्रॅक्टर भरला. भांडी, कोपीच्या चटया, शेळी, वर मुलं. मुलीने पिशवीत नवं शिक्षण हमी पत्रक आणि काड्यांचा डबा घेतला होता. पुतणीने विचारलं, पुढच्या दिवाळीनंतर ही परत येणार का. दादा म्हणाला, ते मुकादमावर आहे. तिने मला विचारलं, "मग हिच्याबद्दल हिला कोण विचारतं?"

या वेळी मी लगेच उत्तर सांगितलं नाही. मला ते येतच नव्हतं.